डॉ. श्रीराम लागू : एक इमानी लमाण

गुलमंडीच्या चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांचे शिवणकामाचे दुकान आहे. टिळक पथावरील कापडबाजाराचा गलबला तेथपर्यंत येतो. पण उंबरठा ओलांडला की मशीनचा आवाज तेवढा उरतो. या दुकानात गेली अनेक वर्षे दोन तऱ्हांचे कपडे शिवले गेले. एक, शहरातील हौशी नाट्यमंडळींसाठी राजांचे अंगरखे आणि सरदारांचे डगले. दुसरे, आम्हां धर्मगुरूंचे झगे. मागील महिन्यात झग्याची उसवलेली शिवण घालून घेण्यासाठी आम्ही तेथे गेलो असता, या त्रैमासिकासाठी डॉ. श्रीराम लागू यांच्यावर लिहिण्याचा मानस बोलून दाखविला. काकांनी पायाने मशीन थांबविली आणि विचारले, "फादर, ह्या खेपेला तरी वाचून लिहिणार ना?"

या प्रश्नाला एक जुना इतिहास आहे, आणि तो प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे. आमचा गुरुदीक्षाविधी होऊन दोनच वर्षे झाली होती. 'परमेश्वराला रिटायर करा' असे म्हणणाऱ्या डॉ. लागूंच्या लेखाची त्या काळी पुष्कळ चर्चा होत असे. एका रविवारी प्रवचनाच्या ओघात आम्ही त्यांचा समाचार घेतला. ज्याचे आयुष्य मुखवटे चढविण्यात गेले, त्याने सत्याविषयी बोलू नये, अशा अर्थाचे एक टाळीचे वाक्य आम्ही बोलून गेलो. मिस्सा आटोपल्यावर हेच काका सॅक्रिस्टीत आले आणि त्यांनी अगदी नम्रपणे दोन प्रश्न विचारले. तो लेख आम्ही वाचला आहे काय? त्या नटाचे एखादे तरी नाटक पाहिले आहे काय? दोन्ही प्रश्नांना आमचे उत्तर नकारार्थी होते. पुढे आम्ही वाचले, पाहिले, ऐकले. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दोन प्रश्नांना, फार उशिराने का होईना, दिलेले उत्तर आहे.

डॉ. लागूंचा उल्लेख करताना 'अष्टपैलू' हे विशेषण हमखास वापरले जाते. हे विशेषण आपण इतके स्वस्त केले आहे, की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे कोणास वाटत नाही. अष्टपैलुत्वाचा एक प्रकार आपल्या शहराने अगदी जवळून पाहिला आहे. येथील विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात अध्यापन केलेल्या प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या. गिनीज बुकाने त्यांची नोंद घेतली. २००९ साली ते निवर्तले. पण त्यांनी उभे केलेले ते गावकरी अजूनही लोकांच्या बोलण्यात येतात. एका माणसाच्या देहातून एक अख्खा गाव बाहेर पडावा, ही किमया थोर खरीच.

लागूंचे अष्टपैलुत्व या जातीचे नव्हते. त्यांचा आवाज कोणत्याही भूमिकेत ओळखू येई. शब्दाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत स्पष्ट राहणारा तो खर्जातला स्वर, ती किंचित पुढे झुकलेली मान, बोलण्यापूर्वीचा तो विचार करणारा क्षण, हे सारे मंत्र्याच्या भूमिकेतही असे आणि भणंग मास्तराच्या भूमिकेतही असे. आपले स्वत्व झाकून ते दुसरे कोणी होत नसत. दुसऱ्याचे ओझे ते आपल्या स्वत्वावर घेत. त्यांचे आत्मचरित्र २००४ साली प्रसिद्ध झाले. त्याला त्यांनी नाव दिले 'लमाण'. मराठवाड्यातील वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. लमाणांचे तांडे आपल्या वाटेवर आहेत, आणि एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलुखभर पोहोचविणे हा त्यांचा व्यवसाय होता हे आपण जाणतो. माल दुसऱ्याचा, घेणारा दुसरा. लमाणाचे काम तो वाटेत न भिजवता, न सांडता पोहोचविण्याचे. नाटककाराचा माल प्रेक्षकापर्यंत नेणारा हमाल, एवढीच नटाची पायरी लागूंनी स्वतःसाठी ठरविली. हा विनय वरवरचा होता की खरा, हे पाहावयाचे तर त्यांच्या भूमिकांकडेच वळले पाहिजे.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्यास, एका डॉक्टरांच्या घरी झाला. पुण्यातील शिक्षणानंतर ते स्वतः नाक-कान-घशाचे शल्यविशारद झाले. भालबा केळकर आदी मित्रांसह प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या पुण्यातील संस्थेत हौसेने नाटके करणे एकीकडे, आणि पुण्यात व पुढे आफ्रिकेतील टांझानियात वैद्यकी करणे दुसरीकडे, असा संसार बरीच वर्षे चालला. १९६९ साली, वयाची चाळिशी उलटल्यावर, त्यांनी वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट होण्याचे ठरविले. स्थिर मिळकत, प्रतिष्ठा आणि परदेशातील अनुभव गाठीशी असलेला माणूस हे सारे मागे ठेवून रंगभूमीकडे वळतो, याला आपल्या भाषेत पाचारण म्हणतात. लागूंना अर्थातच हा शब्द चालला नसता. हाक मारणारा कोणी आहे, हेच त्यांना मान्य नव्हते. तेव्हा आपण तो शब्द त्यांच्यावर लादू नये. परंतु हाकेसाठी घर सोडणे काय असते, हे ज्या आईबापांनी आपला मुलगा सेमिनरीत वा मुलगी मठात धाडताना अनुभवले आहे, त्यांना त्या निर्णयाचे वजन कळेल.

दीडच वर्षाने, २३ डिसेंबर १९७० रोजी, वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले. संस्था धी गोवा हिंदू असोसिएशन, दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग आणि गणपतराव ऊर्फ अप्पा बेलवलकरांच्या भूमिकेत डॉ. लागू. लागूंचे वय तेव्हा त्रेचाळीस होते. निवृत्त, थकलेला, मुलांच्या दारी अपमानित होणारा वृद्ध नट त्यांनी त्या वयात उभा केला. आम्ही त्या प्रयोगाच्या वेळी जन्मलो होतो की नव्हतो, अशी स्थिती. तेव्हा तो प्रयोग पाहिल्याचा आव आम्ही आणणार नाही. नाटकाची संहिता, ध्वनिमुद्रित झालेली काही स्वगते आणि ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले अशा वडीलधाऱ्यांच्या आठवणी, एवढ्या भांडवलावर आम्ही बोलत आहोत.

या भूमिकेतील खरी अडचण वार्धक्याची नाही. वार्धक्य रंगवता येते. अडचण अशी, की अप्पा हे स्वतः जुन्या, भरदार, वक्तृत्वपूर्ण अभिनयाच्या परंपरेतील नट आहेत, आणि लागू हे त्या परंपरेनंतरचे, संयमाने बोलणारे नट. म्हणजे एका नव्या नटाने एका जुन्या नटाचे सोंग घ्यावयाचे, आणि त्या जुन्या नटाने आयुष्यभर घेतलेली सोंगे त्याच्या घरच्या बोलण्यात मिसळलेली दाखवावयाची. लागूंची स्वगते लक्ष देऊन ऐकली म्हणजे कळते, की ते अप्पांचा रंगभूमीवरचा आवाज आधी पूर्ण चढवतात आणि मग मध्येच तो खाली येऊ देतात. वाक्य राजाच्या स्वरात सुरू होते आणि बापाच्या स्वरात संपते. प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते ते त्या उतरणीवर. ज्या नटांनी पुढे अप्पा साकारले त्यांत दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशी मोठी नावे आहेत, आणि २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकरांनी ही भूमिका केली. प्रत्येकाचा अप्पा निराळा. तथापि तुलनेचा विषय निघाला की मोजमाप सुरू होते ते लागूंपासूनच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अप्पा बेलवलकर दुःखाच्या टोकाला पोहोचल्यावर थेट विधात्याला जाब विचारतात. पवित्र शास्त्रातील ईयोबाचा ग्रंथ ज्यांनी वाचला आहे, त्यांना हा स्वर परका नाही. मुलेबाळे, गुरेढोरे, शरीराचे आरोग्य गमावलेला ईयोब राखेत बसून देवाशी भांडतो, आणि ग्रंथाच्या अखेरीस देव त्याच्या गोडबोल्या मित्रांपेक्षा त्यालाच खरे बोलणारा ठरवितो. देवाशी भांडावयाचे तर देव आहे हे आधी मानावे लागते. अप्पा मानतात. लागू मानीत नव्हते. असे असता तो टाहो खोटा का वाटत नाही? ज्याला आपण हाकच मारीत नाही, त्याला मारलेली हाक इतकी खरी कशी होते?

रोमन काळातील संत जेनेशियस या नटाची कथा आपल्या परंपरेत सांगतात. रंगमंचावर बाप्तिस्म्याची टवाळी करीत असतानाच त्याच्यावर कृपा झाली, तो श्रद्धावंत झाला आणि सम्राट डायोक्लेशियनच्या छळात रक्तसाक्षी झाला. नटांचा तो आश्रयदाता संत. लागूंच्या बाबतीतही असे काही घडले असते तर आमचा हा लेख लिहिणे फार सोपे झाले असते. तसे घडले नाही. ते अखेरपर्यंत नास्तिक राहिले. सेमिनरीत आम्हांला कार्ल राहनर या ईशज्ञानपंडिताचा 'अनामिक ख्रिस्ती' हा विचार शिकविला गेला होता. त्याचा आधार घेऊन या थोर नटाला मरणोत्तर आपल्या गोटात ओढण्याचा मोह होतो. आम्ही तो मोह आवरतो. ज्याने आयुष्यभर स्पष्टपणे नाही म्हटले, त्याच्या तोंडी होय घालणे हा त्याचा सन्मान नव्हे. उत्तर दुसरीकडे शोधले पाहिजे, आणि आमच्या मते ते 'लमाण' या शब्दातच आहे. अप्पांची हाक लागूंची नव्हती. ती शिरवाडकरांनी त्यांच्या पाठीवर ठेवलेली गोणी होती. तिच्यात आपली नास्तिकता मिसळून ती हलकी करावी, किंवा प्रेक्षकाला डोळा मारून आपण यातले नाही असे सुचवावे, हे त्यांनी केले नाही. माल पूर्ण वजनाने पोहोचला.

हीच परीक्षा त्यांनी पुन्हा दिली. १९७७ च्या 'देवकीनंदन गोपाला' या राजदत्त दिग्दर्शित चित्रपटात त्यांनी गाडगे महाराज साकारले. देवळातल्या दगडापेक्षा माणसात देव पाहा, असे कीर्तनातून सांगणारा, खराट्याने गाव झाडणारा हा संत त्यांना विचाराने जवळचा वाटला असेल. पण भजनात रंगलेला चेहरा विचाराने आणता येत नाही. पुढे प्रेमानंद गज्वी यांच्या 'किरवंत' या नाटकात त्यांनी अंत्यसंस्कार करणाऱ्या, आणि त्याच कारणाने आपल्याच जातीत बाजूस टाकलेल्या पुरोहिताची भूमिका केली. लोकांना शेवटच्या घडीला हवा असलेला आणि एरवी नकोसा असणारा हा पुरोहित पाहताना कोणाही धर्मगुरूला आपली वहाण कोठे चावते ते आठवावे.

लागूंच्या प्रमुख भूमिका एकापुढे एक मांडल्या तर एक धागा दिसतो. माणसाचे पद, प्रतिमा, पागोटे काढून घेतल्यावर आत काय उरते, हा प्रश्न त्या भूमिका पुनःपुन्हा विचारतात. व्ही. शांतारामांच्या 'पिंजरा'त (१९७२) आदर्शवादी गुरुजी तमाशातील नर्तकीच्या मोहात पडतो. दुसऱ्याच एका मृतदेहाला गाव गुरुजी समजते, गुरुजीचा पुतळा उभा करते, आणि खरा गुरुजी अखेर स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो. गावाचा आदर्श मोडू नये म्हणून तो आपण कोण हे सांगत नाही आणि शिक्षा पत्करतो. कथानक अद्भुत आहे, सहज हास्यास्पद होऊ शकले असते. लागूंनी ते सांभाळले ते पडलेल्या माणसाची लाज चेहऱ्यावर आणून. आमच्या काकांनी हा चित्रपट चारदा पाहिला. ते म्हणतात, "पुतळ्याला हार घातलेला तो बघत उभा राहतो ना फादर, तिथं मी दर टायमाला मान खाली घातली." पाप, लज्जा आणि प्रायश्चित्त यांवर आम्ही इतकी प्रवचने दिली, त्या एका दृश्याइतकी ती किती जणांच्या ध्यानात राहिली असतील, याची शंकाच आहे.

जब्बार पटेल आणि विजय तेंडुलकरांच्या 'सामना'मध्ये याच्या उलट प्रवास आहे. येथे मास्तर आधीच पडलेला आहे, दारूत बुडालेला. निळू फुल्यांनी साकारलेल्या सहकारसम्राटाच्या गावात तो एका बेपत्ता माणसाचे काय झाले हा एकच प्रश्न विचारीत राहतो. त्याच्यापाशी सत्ता नाही, चारित्र्याचा दाखला नाही. फक्त एक प्रश्न आहे, आणि तो त्याला सोडवत नाही. फुल्यांचा रांगडा सहजपणा आणि लागूंचा अडखळता हट्ट यांची जी जुगलबंदी येथे दिसते, तिच्या तोडीचे प्रसंग मराठी पडद्यावर थोडे आहेत. १९७९ च्या 'सिंहासन'मध्ये तेच लागू अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे होऊन सत्तेच्या पायऱ्या मोजताना दिसतात. तोच आवाज, तीच मान. पण मास्तराच्या डोळ्यांत जो प्रश्न होता त्याच्या जागी आता हिशेब आहे.

वसंत कानेटकरांच्या 'हिमालयाची सावली' (१९७२) या नाटकातील नानासाहेब भानूंची भूमिका आमच्या वर्गाने विशेष अभ्यासावी अशी आहे. महर्षी कर्व्यांच्या जीवनाची छाया या पात्रावर आहे. संस्थेसाठी सर्वस्व देणारा थोर पुरुष आणि त्याच्या थोरवीची किंमत घरात बसून मोजणारी पत्नी बयो. लागूंनी नानासाहेबांना केवळ पूज्य केले नाही. ध्येयाला वाहिलेल्या माणसाचा जवळच्यांविषयीचा आंधळेपणाही त्यांनी दाखविला. संस्था, शाळा, इमारत-निधी यांत गुरफटलेल्या आम्हां धर्मगुरूंना त्या आंधळेपणाची ओळख पटते.

काही वाचक कुटुंबे येथे एक हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. याच लागूंनी १९७० साली तेंडुलकरांचे 'गिधाडे' दिग्दर्शित केले. घरातल्या घरात वाटणीसाठी एकमेकांचे लचके तोडणाऱ्या भावंडांचे ते नाटक भाषेने व प्रसंगांनी अंगावर येणारे. सेन्सॉरने स्त्रीच्या लुगड्यावरील तांबड्या डागाला हरकत घेतली, तेव्हा लागूंनी डाग निळा केला आणि प्रेक्षकांनी तो तांबडा समजावा असे प्रयोगापूर्वी जाहीर केले, ही हकिकत नाट्यसृष्टीत प्रसिद्ध आहे. हे नाटक मुलाबाळांसह पाहण्याचे नव्हे, हे आम्ही निःसंकोच सांगतो. पण ते अनीतीचा पुरस्कार करते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेताच्या बांधावरून आणि राहत्या खोलीवरून भावाशी बोलणे टाकलेली घरे आमच्या धर्मग्रामातही आहेत. म्हाताऱ्या आईला महिना-महिना वाटून घेणारी मुले आम्ही पाहिली आहेत. 'गिधाडे' आणि 'नटसम्राट' एकाच वर्षी आली आणि दोन्हींचा विषय एका अर्थी एकच आहे. 'नटसम्राट'मध्ये आपण रडून मोकळे होतो. 'गिधाडे' ती सोय ठेवीत नाही.

समीक्षकाने केवळ आरती ओवाळू नये. लागूंच्या कामाला मर्यादा होत्या. त्यांची बुद्धी कधी कधी पात्राच्या पुढे धावे. पात्राला एखादी गोष्ट कळण्यापूर्वी नटाला ती कळली आहे, असे जाणवे, आणि मग त्या व्यक्तिरेखेतील भाबडेपणा कोरडा पडे. निखळ विनोदात ते क्वचितच मोकळे झाले. हिंदी चित्रपटांत त्यांनी शंभराहून अधिक भूमिका केल्या; त्यांतील बहुसंख्य बाप, डॉक्टर, न्यायाधीश, वकील. 'घरौंदा'मधील प्रौढ मालकासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी'त (१९८२) ते गोपाळ कृष्ण गोखले झाले, मृणाल सेनांच्या 'एक दिन अचानक'मध्ये घर सोडून निघून जाणारे प्राध्यापक झाले. अशा मोजक्या जागा सोडल्या तर हिंदी पडद्याने त्यांच्याकडून भारदस्तपणा तेवढा उसना घेतला. लमाण कितीही इमानी असला, तरी गोणीत भुसा भरलेला असेल तर तो भुसाच पोहोचवणार. मात्र मराठीत त्यांनी नव्या, न चालणाऱ्या नाटकांसाठी पदरमोड केली, आणि त्या कमाईचा उपयोग कोठे झाला असेल हेही ध्यानात घेतले पाहिजे.

आता त्यांच्या नास्तिकतेविषयी. आम्ही तो लेख अखेर वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की परमेश्वर ही माणसाने निर्माण केलेली कल्पना आहे, एके काळी तिचा उपयोग झाला असेल, आज तिच्या नावाने अन्यायच अधिक होतो, तेव्हा तिला सन्मानाने निवृत्त करावे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांसोबत त्यांनी गावोगाव जाहीर वाद-संवाद केले. गंमत अशी, की त्या व्यासपीठावर दाभोलकर देवाच्या प्रश्नावर चळवळीची तटस्थ भूमिका मांडीत आणि लागू देवाला साफ नाकारीत. म्हणजे मित्राच्या सोयीसाठीही त्यांनी आपले मत मवाळ केले नाही. त्यांच्या निष्कर्षाशी आम्ही सहमत नाही, हे सांगणे नलगे. त्यांनी ज्या देवाला निवृत्तीचा कागद दिला, तो नवसाला पावणारा आणि न पावल्यास कोपणारा देव होता. क्रुसावर खिळलेल्या, स्वतःच टाकून दिल्याचे दुःख भोगणाऱ्या देवाशी त्यांची गाठ त्या लेखात पडत नाही. पण ती का पडली नाही, हा प्रश्न त्यांना विचारण्याआधी आपल्याला विचारावयाचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट कबूल केले, की नास्तिकता वाढण्यास श्रद्धावंतांचे वागणेही कारण असते. आमच्या त्या टाळीच्या वाक्याने आम्ही त्यात आमची भर घातलीच होती.

सत्तरी ओलांडल्यावर लागूंनी मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस' या नाटकात, अतुल पेठे यांच्या दिग्दर्शनाखाली, सॉक्रेटिस उभा केला. नगराचे देव मानीत नाही, या आरोपावरून विषाचा पेला प्यायलेला तो तत्त्वज्ञ. त्या वयात एवढी लांब, विचारांनी गच्च भरलेली भाषणे पाठ करून ती जणू आत्ताच सुचत आहेत अशी बोलणे, हे नटाच्या साधनेचे दर्शन होते. सेमिनरीत वाचलेले एक पान आम्हांला त्या निमित्ताने आठवले. दुसऱ्या शतकातील रक्तसाक्षी संत जस्टिन रोमन सम्राटाला लिहितो, की सॉक्रेटिसला नास्तिक ठरवून मारले आणि आज आम्हां ख्रिस्ती लोकांनाही नास्तिकच म्हटले जाते. रोमच्या देवांना नकार देणारे आपले पूर्वज त्या काळचे नास्तिक होते. हा शब्द आपण जपून फेकला पाहिजे.

लागूंच्या आयुष्यातील सर्वांत कठोर प्रसंग रंगमंचाबाहेर घडला. १९९४ साली धावत्या लोकलवर कोणीतरी फेकलेल्या दगडाने त्यांचा तरुण मुलगा तन्वीर याचा बळी घेतला. अप्पा बेलवलकरांनी विधात्याला विचारलेला जाब आता त्यांच्या स्वतःच्या घरात येऊन उभा राहिला होता, आणि जाब विचारावा असा कोणी त्यांच्या आकाशात नव्हता. सांत्वनासाठी त्यांनी आपले मत बदलले नाही. २००४ पासून त्यांनी व दीपा लागू यांनी मुलाच्या नावाने रंगभूमीवरील ज्येष्ठांचा सन्मान सुरू केला. त्याआधीही सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून 'सामाजिक कृतज्ञता निधी' उभारताना त्यांनी निळू फुले आदी कलावंतांसह 'लग्नाची बेडी'चे प्रयोग केले होते. स्वर्गाची आशा नसताना, वर कोणी नोंद ठेवीत आहे असे न मानता केलेले हे दान आहे. डाव्या हाताला कळू न देता उजव्या हाताने द्यावे, असे आपल्याला शिकविले आहे. आपल्या चर्चमधील पंख्यांवर देणगीदारांची नावे आहेत.

१७ डिसेंबर २०१९ रोजी पुण्यात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

नव्या करारातील एका ग्रीक शब्दाचा उल्लेख करून आम्ही थांबतो. प्रभू येशू ज्यांना ढोंगी म्हणून धिक्कारतो, त्यांच्यासाठी शुभवर्तमानात 'हिपोक्रितेस' हा शब्द आहे. ग्रीक भाषेत या शब्दाचा सरळ अर्थ होता रंगमंचावरचा नट. आमच्या त्या जुन्या प्रवचनाच्या वेळी हा संदर्भ आम्हांला माहीत होता आणि तो आम्ही मोठ्या ऐटीने वापरला होता. पण त्याच अध्यायात प्रभूने तो शब्द कोणाला लावला, हे सांगावयाचे आम्ही विसरलो. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात तो शब्द नाटकमंडळींना उद्देशून नाही. तो झगे लांब करणाऱ्या धर्माच्या शिक्षकांना उद्देशून आहे. लागू वेदीवर, म्हणजे त्यांच्या रंगमंचावर, दुसऱ्याचे शब्द बोलत आणि खाली उतरल्यावर स्वतःचे. आम्हीही दर रविवारी दुसऱ्याचेच शब्द बोलतो. माल आमचा नाही, घेणारे तुम्ही, आम्ही लमाणच. फरक असा, की आम्ही तो माल आमचाच असल्यासारखा मिरवितो आणि वाटेत त्यात आपली टाळीची वाक्ये मिसळतो.

झगा आणण्यासाठी परवा आम्ही पुन्हा गुलमंडीत गेलो. लेखाचा कच्चा खर्डा काकांना वाचून दाखविला. चष्मा कपाळावर सरकवून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे रविवारी पण सांगा फादर. तेव्हा ज्यांनी ऐकलं होतं, त्यातले काही जण अजून येतात." येत्या रविवारी आम्ही ते सांगणार आहोत.